सातुकाच्या शालीचा काटा

बस पाव्हण्या, त्या कातड्यावर बस. दगड गार असतो. पोर्को गावाकडचा ट्रक दुपार कलल्याशिवाय येत नाही, अन् आला तरी पायथ्याशी उभा राहून तासभर भोंगा वाजवतो. तोवर एक गोष्ट ऐक. हा एवारिस्तो कोल्के, म्हणजे मी, एकाहत्तराव्या वर्षी बायकोचा घागरा नेसून चुलीपुढं का बसला, त्याची. खाली गावात तुझ्या कानावर आली असेलच. ते हसण्यासाठी सांगतात. मी घडली तशी सांगतो. मधे हसलास तरी माझी ना नाही. घे, कोकाची चार पानं गालात धर, इथं तोंडाला कोरड पडते.

वर धारेवर ती मातीची नळकांडी दिसते ना, कमरेएवढी, अंगभर भोकं पाडलेली? ती माझी भट्टी. तिला भाता नाही. ऑगस्टात दुपारचा वारा सुटला की तो भोकाभोकातून आत घुसतो अन् लामाच्या वाळल्या लेंड्या अशा पेटतात की जवळ उभं राहवत नाही. वरून शिशाचा खडक फोडून टाकत राहायचा. खाली शिसं गळतं. चांदी त्या शिशाच्या पोटात लपून येते, एकटी यायला तयार होत नाही.

पुढचं काम बायकांचं. हीच ती झोपडी. आत घुमटीसारखी बुटकी चूल आहे, तिच्या तळाला हाडांची राख चोपून बसवलेली. त्यात शिसं तापत ठेवलं की राख ते हळूहळू पिऊन टाकते, अन् शेवटी चांदी तेवढी उरते. ते चालू असताना पुरुषानं आत डोकवायचं नाही. का, ते मला बापानं सांगितलं नाही, अन् मीही विचारलं नाही. मी वर आजचा खडक जाळायचो, तेव्हा सातुका इथं कालचं शिसं आटवत असायची. सातुका म्हणजे सातुर्निना, माझी बायको. संध्याकाळी कोपरापर्यंत राख माखून बाहेर यायची अन् माझ्या तळव्यावर चांदीची गोळी ठेवायची. एक्केचाळीस वर्षं असं चाललं.

आता माझं पाप सांगतो. लग्नाला सहा महिने झाले होते. सासरा मला भट्टीवाला मानत नव्हता. म्हणायचा, ह्याला वारा ओळखत नाही. एकदा तो मुद्दाम बघायला आला, अन् नेमका त्या वेळी माझा खडक निकस निघाला, त्यात चांदी नावालासुद्धा नव्हती. सातुका ओढ्यावर धुणं धूत होती. तिची शाल कुंपणावर, अन् शालीला टाचलेला तिच्या आजीचा चांदीचा काटा. वीतभर लांब, वर पळीसारखं चपटं डोकं. मी तो काढला, मोडला अन् शिशात सोडून दिला. दुसऱ्या दिवशी गोळी आली ती केवढी, शेंगदाण्याच्या दुप्पट. सासऱ्यानं मला मिठी मारली. म्हणाला, वाऱ्यानं जावई ओळखला.

सातुकाच्या लक्षात आलं नसेल? गोळी तिनंच तर काढली होती. पण बापासमोर ती गप्प राहिली. तो गेल्यावर तिनं निवडुंगाचा एक लांब काटा तोडून आणला, त्यानं शाल टाचली अन् माझ्यापुढं कांजी ठेवली. मीच मग शपथ घेतली की पुढच्या खेपेच्या चांदीतनं तुझा काटा करतो, आजीच्यापेक्षा दुप्पट रुंद. पुढच्या चांदीचं बियाणं आलं. त्याच्या पुढच्या चांदीची एक लामा आली. मग पोरीचे बूट, मग घरावर पत्रा. दरवेळी ती म्हणायची, राहू दे, निवडुंग काही संपला नाही. अन् मलाही ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

ती गेली तेव्हा शालीला निवडुंगाचाच काटा होता. तसंच पुरलं. तिची धाकटी बहीण निकासिया, घळीपलीकडं राहायची, तिनं सगळ्या गावादेखत मला विचारलं की दाजी, चांदी काढणाऱ्याची बायको मातीत जाताना तरी निवडुंगाच्या काट्यानं टाचायची का. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

आमच्याकडं माणूस मेलं की त्याचा जीव तीन वर्षं नोव्हेंबरात घरी येतो. मृतांच्या सणाला मेज मांडायचं, पावाची माणसं करायची, चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, घडा ठेवायचा. तिसऱ्या वर्षी त्याला कायमचं वाटेला लावायचं. मग तो येत नाही, अन् त्याला बोलवायचंही नाही. पहिली दोन वर्षं मी मेज मांडलं अन् मान खाली घालून बसलो. तिसरं वर्ष लागलं तेव्हा ठरवलं, की ह्या खेपेला मेजावर चांदीचा काटा पाहिजे. नाहीतर ती पुढच्या जगातही निवडुंग टाचून फिरेल, अन् मला सांगायला तोंड उरणार नाही.

ऑगस्ट लागला. धरणीला कोका अन् दारू वाहिली, लामाची चरबी जाळली. टाकलेल्या ढिगाऱ्यांतनं महिनाभर वेचून ठेवलेला खडक वर नेला. शीळ घालून वारा बोलावला. आला. शिसं झकास निघालं. माझ्या हातचं काम होतं ते, त्यात चूक नाही.

चूक झाली ती इथं, आत. सातुका नाही, पोरगी तिकडं आर्जेन्टिनात, म्हणून मीच चुलीपुढं बसलो. पुरुष आत नको म्हणून बूड उंबऱ्याबाहेर ठेवलं अन् मुंडी आत घातली, म्हणजे देवालाही बोलायला जागा नको. शिसं आटत आलं. वर रंगीत साय धरते, जांभळी, हिरवी. मग ती फाटते अन् खालून चांदी एकदा डोळा मिचकावते. ते मला दिसलं. माझी दृष्टी अजून चांगली आहे. आता, सातुका ह्या वेळी काय करायची, ते मी आयुष्यात एकदाच ओझरतं पाहिलं होतं, दार वाऱ्यानं उघडलं तेव्हा. ती गोळीवर राख घालत होती अन् काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, बाई आशीर्वाद मागतेय. मग मीही चिमूटभर राख घेतली, गोळीवर टाकली, छातीवर क्रूस काढला, अन् गोळीखालचं तळाचं खापर ओढून दारात गार वाऱ्याला ठेवलं.

चांदी थुंकली, पाव्हण्या. तट्‌ करून फुटली अन् मोहरीएवढे दाणे चहूकडं उडाले. काही राखेत गेले, काही बाहेरच्या वाळूत. दोन दिवस रांगून वेचले. नखावर मावतील एवढे सापडले. उरलेला खडक एकाच खेपेचा, अन् सप्टेंबर संपत आलेला. वारा मरायला लागला होता.

मग गेलो घळीपलीकडं. दुसरा इलाजच नव्हता. त्या दोघी बहिणी एकाच आईच्या हाताखाली चूल शिकलेल्या. निकासिया दारात बसून मका वाटत होती. मला बघून तिनं वाटणं थांबवलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काट्याचंही सांगितलं, सासऱ्याला फसवलं तेही. पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. ती म्हणाली की ते तिला आमच्या लग्नाच्या वर्षापासून माहीत आहे.

मग मी म्हणालो, चल, एकदा चुलीपुढं बस. नाही म्हणाली. मेलेल्या बाईला वाटेला लावेपर्यंत तिच्या चुलीला दुसऱ्या बाईनं हात लावायचा नसतो. तिला वाटेला लावायच्या आत तर मला चांदी हवी. मी तिथंच मातीत बसलो. तिला माझी दया आली असावी, किंवा कंटाळा. म्हणाली, "ती पुटपुटायची ते आकडे होते. शंभरापर्यंत मोजायची, तेवढी गरम राख घालत. चिमूटभर नाही, पाटीभर. पांघरुणातलं पोर उचलून बर्फात ठेवलं तर ते ओरडेल की नाही? आपोआप निजू द्यायचं असतं."

एक्केचाळीस वर्षं मी त्याला प्रार्थना समजत होतो.

मी विचारलं, पण चुलीपुढं बसणार कोण? तर ती म्हणते, "चूल बाईला ओळखते. तिचा घागरा नेस, टोपी घाल अन् बस. इतकी वर्षं सगळ्यांना फसवलंस दाजी, एकदा चुलीला फसव."

ती टोमणा मारत होती. पण घरी येताना मला तेच खरं वाटायला लागलं.

शेवटच्या खेपेला वारा चार वेळा पडला. मी ओठ फुटेस्तोवर शीळ घातली. मुठीएवढं शिसं मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच पेटी उघडली. तिचे घागरे एकावर एक तीन, तिची शाल, तिची ती काळी टोपी. नाडी काही केल्या बांधता येईना. दारातली लामा माझ्याकडं बघून चघळायची थांबली. पलीकडच्या वाटेनं दोन खाणवाले चालले होते, त्यांनी पाहिलं, तिथनंच गावात बोभाटा झाला. मी आत आलो, दार लावून घेतलं. ह्या वेळी बूडही आतच ठेवलं.

आत काळोख. फक्त चुलीचं तोंड लाल. तिची बसायची जागा हाताला लागली, दगड झिजून वाटीसारखा झालेला. तिथं बसलो. शिसं आटायला वेळ लागतो, म्हणून पाठ भिंतीला टेकली, तर खांद्याला काहीतरी मऊ लागलं. भिंतीत चिंधीचा बोळा खुपसलेला होता. उंदराचं बीळ बुजवलं असेल म्हणून ओढला. आत उजेडाची एक तिरीप आली.

डोळा लावला. थेट धार दिसत होती, अन् धारेवर माझी भट्टी. भट्टीच्या बाजूचा तो एक सपाट दगड, ज्यावर मी बसायचो. बाकी काही नाही, जणू तेवढंच दिसावं म्हणून भिंतीतला दगड काढला होता. कडा बोटांनी गुळगुळीत झाल्या होत्या.

वर एकट्यानं काय काय करतो माणूस, तुला काय सांगू. थंडीनं नाचायचो. वाऱ्याला आईबहिणीवरनं शिव्या द्यायचो. कधी रडलोही आहे, आमचा पोरगा वारला त्या वर्षी, कारण घरी रडता येत नव्हतं. मला वाटायचं डोंगर अन् मी, तिसरं कुणी नाही. संध्याकाळी ती म्हणायची, आज हात भाजलास ना, आण इकडं. किंवा, आज फार वेळ बसून होतास, गुडघा दुखतोय का. मला वाटायचं, बायको आहे, चेहऱ्यावरून ओळखते. ह्या भोकाबद्दल एकदासुद्धा बोलली नाही. अन् मी, पन्नास पावलांवर, एकदाही वळून ह्या भिंतीकडं पाहिलं नाही.

मी त्या भोकाशी किती वेळ होतो कुणास ठाऊक. चुलीची आठवण आली तेव्हा वळलो, तर साय फाटत आलेली. क्षणभर उशीर झाला असता तर ती मिचकावणी हुकली असती. चमकली. मी पाटी घेतली अन् राख घालत मोजायला लागलो. मला शंभरापर्यंत धड येत नाही, साठानंतर घोटाळा होतो. म्हणून पन्नास दोनदा मोजले. मग हात मांडीखाली घालून बसलो, की उकरायचा मोह नको. राख निवेपर्यंत बसलो.

गोळी अख्खी होती. वालाच्या दाण्याएवढी.

त्यात आधीचे दाणे मिळवून मीच ठोकून काटा केला. बारीक झाला, डोकं एका बाजूला कललं. मेजावर पावाच्या माणसांमधे ठेवला. निकासिया आली, गुडघे टेकले, तिच्या जिवासाठी प्रार्थना म्हटली, मग काटा उचलून उजेडात धरला. म्हणाली, "उशीर केलास दाजी. पण वाकडा आहे, म्हणजे तूच केलास हे तिला पटेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी जीव वाटेला लावला. काटा थडग्यापाशी वीतभर खोल पुरला. लोक प्यायले, नाचले, आपापल्या घरी गेले. निकासिया नाताळाआधी मुलाकडं ओरुरोला गेली ती तिकडंच राहिली. आधी निदान नोव्हेंबरची वाट बघायचो. आता तीही नाही. पोरगी निरोप पाठवते की बाबा, खाली या. मी म्हणतो, बघू.

ह्या वर्षी खडक फारसा नाही. त्यातनं चांदी निघाली काय, न निघाली काय, मला कुणाला द्यायची नाही. पण वर भट्टी भरून ठेवली आहे, अन् बघ, दाराची फळी हलायला लागली. वारा सुटला. मला वर जायला हवं.

तू एक कर. ट्रक यायला अजून अवकाश आहे. आत जाऊन त्या झिजल्या दगडावर बस. चुलीला हात लावू नकोस, काही करायचं नाही. बोळा मी काढून ठेवलाय. तेवढं भोकातनं वर बघत राहा, मी दिसेन.