दक्षता समितीच्या पेटीतली चिठ्ठी

पाण्याच्या टाकीमागे एक तरुण रंगारी बेशुद्ध सापडला, शेजारी सुई आणि रिकामी बाटली, तेव्हा गल्लीला जाग आली. रंगारी वाचला आणि बरं वाटताच बहिणीकडे परगावी निघून गेला. पण एकदा जागी झालेली गल्ली पुन्हा झोपायला तयार नव्हती. आठवड्याभरात व्यसनविरोधी दक्षता समिती उभी राहिली. अध्यक्ष झाले निवृत्त जेलर, कारण बंदोबस्त कशाशी खातात हे त्यांनाच ठाऊक होतं. उपाध्यक्ष झाला कोपऱ्यावरचा केमिस्ट, कारण औषधांतलं त्याला कळत होतं, शिवाय समितीचा फलक त्यानेच रंगवून दिला होता. आणि सचिव झाले हेडक्लार्क.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गल्लीत त्यांचं तेच नाव चालू होतं. जमिनींच्या दप्तरात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. खोटी सही त्यांना वासावरून कळते असं लोक म्हणत, आणि ते कधी नाकारत नसत. निवृत्तीनंतर मात्र घरात जीव रमेना. समिती आली आणि माणूस पुन्हा माणसात आला. रविवारी सभा, बुधवारी गस्त, शुक्रवारी इतिवृत्ताची स्वच्छ प्रत. ताटावर बसले तरी तोंडात ठराव. बायकोचं मागच्या वर्षी मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, तिची विचारपूसही ते आता "प्रगती कशी काय?" अशी करत, आणि उत्तर यायच्या आत चपला शोधायला लागत.

समितीने आधी शपथेचं काम हाती घेतलं. प्रत्येक घराने ‘आमच्याकडे कोणालाही व्यसन नाही’ असं लिहून द्यायचं. चौसष्ट घरं, चौसष्ट सह्या, नकार एकही नाही. निम्मं काम तर इथेच फत्ते झालं, असं जेलरांनी जाहीर केलं. मग टाकीजवळ तक्रारपेटी बसवली. नाव लिहायची सक्ती नव्हती, त्यामुळे लोकांच्या लेखणीला भलतीच धार चढली.

महिन्याने पेटी उघडली तेव्हा एकेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतल्या एकोणीस एकाच भाडेकरूवर, कारण त्याचे केस मानेपर्यंत होते आणि तो दिवसा झोपायचा. चौकशीत निघालं की तो बेकरीत रात्रपाळीला भट्टी सांभाळतो. त्याच्या नावापुढे ‘तूर्त निर्दोष’ असा शेरा पडला. बाकीच्यांत कोणाचं कुत्रं, कोणाची टपकणारी कुंडी. एका सुनेने सासूच्या टीव्हीच्या व्यसनाची दाद मागितली होती. तळाशी मात्र चार घड्या घातलेला एक कागद होता. हेडक्लार्कांनी तो सवयीने मोठ्याने वाचला आणि शेवटी त्यांचा आवाज आपोआप खाली आला:

‘गोळ्या खाणारी मीच आहे. दुखण्यावर म्हणून सुरू केल्या. आता दुखत नाही, तरी लागतात. सुटायला कुठे जायचं, कोणी सांगेल का?’

समितीची पंचाईत झाली. नोंदवहीत तक्रारदाराचा रकाना वेगळा आणि संशयिताचा वेगळा; इथे दोन्हीकडे एकच बाई. चित्रकलेच्या बाई समितीत एका कोपऱ्यात बसायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, तिने विचारलंय त्याचं उत्तर फलकावर लावलं तर? त्यावर उत्तर काय लावायचं, असा प्रश्न आला. सुटायला कुठे जायचं हे समितीच्या सात सभासदांपैकी एकालाही माहीत नव्हतं. जेलरांनी घसा साफ करून सांगितलं की पत्ता नंतर बघू, आधी माणूस सापडायला हवं. केमिस्टने लगेच अनुमोदन दिलं. अक्षर ओळखण्याचं काम एकमताने हेडक्लार्कांकडे गेलं.

त्यांच्या अंगात वारं शिरलं. शपथेची वही आणि भिंग घेऊन ते दोन आठवडे खिडकीशी बसले. चिठ्ठीतल्या ‘ख’ने त्यांना वेड लावलं. त्यातला ‘र’ आणि ‘व’ भांडण झाल्यासारखे लांब लांब उभे होते. ‘दुखत’ नव्हे, ‘दुरवत’ वाचावं असे. चौसष्ट सह्यांत तसा ‘ख’ कुठेच नव्हता. गल्लीतल्या बायकांकडून काही ना काही लिहून आणायचा त्यांनी सपाटा लावला: दुधाचा हिशेब, पत्ते, पाककृती. तिघींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. बायको पलंगावर पडल्या पडल्या त्यांची ही धावपळ पाहायची. मध्येच एकदा तिने विचारलं, सापडलं का कोणी? ते म्हणाले, गोपनीय आहे.

एका सोमवारी सकाळी ती उठलीच नाही. डोकं जड झालंय म्हणाली. चहा करायला हेडक्लार्क स्वतः स्वयंपाकघरात गेले आणि फडताळात साखर शोधू लागले. डबे सगळे सारखे. पण प्रत्येकावर कागदाची पट्टी होती. त्यांनी एकेक वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या डब्यापाशी थांबले. त्यावर लिहिलं होतं, ‘सारवर’.

गॅसवरचं पाणी उकळून आटलं तरी ते तिथेच उभे होते. सदतीस वर्षांच्या संसारात बायकोने लिहिलेलं आपण कधी वाचलंच नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. अर्ज ते लिहायचे, पत्रं ते लिहायचे. शपथेच्या वहीतही घरातर्फे सही त्यांचीच होती.

डबा हातात घेऊनच ते खोलीत गेले. तिने डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मला सांगायचंस ना," ते म्हणाले.

"कधी सांगू? तुम्ही घरात असता का? ती पेटी तेवढी नेमाने उघडणार असं ऐकलं, म्हणून तिच्यात टाकलं."

ते पलंगाच्या कडेवर बसले. तिने उशीखालून गोळ्यांचं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. दिवसाला दोनपासून सुरू झालेल्या गोळ्या आता नऊवर गेल्या होत्या. इतक्या मिळतात कुठून, असं त्यांनी विचारलं. अशा गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देणं गुन्हा, हे समितीच्याच पत्रकात छापलं होतं.

"कोपऱ्यावरून. सचिवांच्या घरच्यांकडे चिठ्ठी मागणं बरं दिसत नाही म्हणतो तो."

रविवारच्या सभेसाठी हेडक्लार्कांनी एक अहवाल लिहिला, ‘अक्षर ओळखता आलं नाही’ असा. सभेत तो वाचलाही. लोकांनी माना डोलावल्या. केमिस्टने उभं राहून सचिवांच्या अथक परिश्रमांबद्दल आभाराचा ठराव मांडला, आणि तिथे मात्र हेडक्लार्कांचा बांध फुटला.

"आभार राहू द्या," ते म्हणाले. "अक्षर माझ्या बायकोचं आहे. आणि गोळ्या तुमच्या दुकानातल्या आहेत."

केमिस्ट म्हणाला की आपण ते केवळ आदरापोटी दिलं, आणि खाली बसला. जेलरांनी हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्याचं सांगितलं आणि तक्रारपेटी दुरुस्तीसाठी काढून ठेवण्याचा ठराव संमत केला. पेटीला काहीही झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी केमिस्टच्या दुकानावर पाटी लागली: दक्षता समितीच्या आदेशानुसार चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही.

त्यानंतर पत्ता शोधायला हेडक्लार्कांना जेमतेम एक तास लागला. दोन बसथांब्यांवरच्या सरकारी दवाखान्यात, मंगळवारी सकाळी, नऊ नंबरच्या खोलीत व्यसन सोडवणारे डॉक्टर बसत. इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं.

मंगळवारी बायकोला घेऊन ते तिथे गेले. बाकाच्या टोकाला टोपी डोळ्यांवर ओढून जेलर बसले होते, शेजारी त्यांचा थोरला मुलगा, लग्नाचा, बँकेत नोकरीला असलेला. जेलरांनी पाहणीसाठी आल्याचं सांगितलं. हेडक्लार्कांनीही मान हलवून ती पाहणी मान्य केली. थोड्या वेळाने चित्रकलेच्या बाई नवऱ्याचा दंड धरून आल्या. सगळ्यांना पाहून दारातच थबकल्या. पण मागे फिरायला जागा नव्हती, म्हणून बसल्या. समितीचे तीन सभासद एका बाकावर, आणि विषय काढायची कोणाची छाती नाही.

शेवटी जेलरांनी खाली पाहत विचारलं, "तुमचा नंबर कितवा?"

"सतरा."

"आमचा चौदा. वहिनींना बसवत नसेल तर बदलून घ्या. आम्ही दोन वर्षं थांबलोय, आणखी तासाभराने काय होतंय."

हेडक्लार्कांच्या बायकोने तो नंबराचा कागद घेतला आणि चौदा नंबर पुकारताच एकटीच आत गेली. ते उठले होते, पण तिने हातानेच बसा म्हणून सांगितलं.

समिती अजून आहे. महिन्याला एक सभा होते, इतिवृत्त आता दुसरंच कोणी लिहितं. फलकावर खोली नंबर नऊ आणि मंगळवार एवढंच लिहिलेलं असतं, आणि ते लावावं की नाही यावर मतदान झालं नाही. हेडक्लार्कांच्या बायकोच्या गोळ्या सात महिन्यांत नऊवरून एकीवर आल्या. पाचव्या महिन्यात ती घसरली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून पाकीट आणलं आणि चार दिवसांत संपवलं. तेव्हा तिने कुठे लिहून टाकलं नाही. दुपारी ते वर्तमानपत्र वाचत होते, ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, जरा ऐकता का?"

त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. तिला बोलायला बराच वेळ लागला.