जित्या मरळी

"जित्या हायत्या दादा, बघा," म्हणत जोतीराम भोयाने घागरीवरचं ओलं फडकं काढलं. आत दोन मरळी होत्या. अंगावर लाल चट्टे, एकीचे खवले गळून मांस दिसत होतं.

आष्ट्याजवळच्या आपल्या गावातून तो पहाटेच निघाला होता. गावच्या तळ्यातले मासे मरून वर येत होते. तळ्यातल्या मासेमारीचा त्याच्याकडचा मक्ता पुढच्या सालापासून दुसऱ्याला गेला होता, म्हणून यानेच विष घातलं असं गाव म्हणत होतं. मामलेदारांनी त्याला सांगलीच्या प्रयोगशाळेची चिठ्ठी दिली होती.

"रोग हाय, एवढं लिवून द्या. मग गाव गप बसंल."

"असेल तर लिहू," आकाराम म्हणाला.

आकाराम तिथे अकरा वर्षं कामाला होता. बाटल्या धुता धुता तो जंतू ओळखायला शिकला होता. कुठला जांभळा रंग धरतो, कुठला तांबडा, कुठला साखरेच्या नळीत बुडबुडे काढतो, हे तो डॉक्टर आगट्यांच्या आधी सांगायचा, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

डॉक्टर पुण्याला गेले होते. आकारामने दोन्ही मरळी चिरल्या, मूत्रपिंडाचा कण काचेच्या बशीतल्या जंतू वाढवायच्या थरावर फासला आणि बशी उबेच्या पेटीत ठेवली. पेटीखाली रॉकेलचा दिवा असे. त्या संध्याकाळी मैदानात कुस्त्या होत्या. पेटी लवकर तापावी म्हणून त्याने वात वर केली. पारा जागेवर आला की ती खाली करायची असते. तो न थांबता कुस्त्यांना गेला.

सकाळी पारा साठावर होता. बशीतला थर वाळून तडकला होता. मरळी त्याने आदल्या दिवशीच परसात पुरल्या होत्या. परीक्षा बिघडली, असं लिहिता आलं असतं. त्याने लिहिलं, 'जंतूंची वाढ नाही', म्हणजे रोग नाही. डॉक्टरांनी आल्यावर विश्वासाने सही केली.

महिन्याभराने जोतीरामच्या गावच्या पोलीसपाटलाचा माणूस नवे मासे घेऊन आला. "इख घालनारा गेला, तरी मासं मरत्यातच," तो म्हणाला.

"गेला म्हणजे?"

"गावानं काढला. बायकूला घिऊन फलटणकडं ऊसतोडीला गेलाय."

या खेपेला बशीवर दुसऱ्याच दिवशी ठिपके उगवले. काचपट्टीवर तांबड्या काड्यांसारखे जंतू दिसले; रंग न दिलेल्या थेंबात ते सळसळत होते. साखरेच्या नळीत बुडबुडे आले. डॉक्टरांनी आठवडाभर पुस्तकाशी ताडून बघितलं आणि म्हणाले, "माशांना जखमा करणारा पाण्यातला जंतू हाच. मग पहिल्या वेळी कसा सापडला नाही?"

आकाराम बशी पुसत होता. "मासे शिळे होते," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तेही अहवालात लिहिलं. एक प्रत मामलेदारांना गेली. दुसरी आकारामने मागून घेतली आणि रविवारी फलटण गाठलं.

तोडकऱ्यांच्या खोपटांत जोतीराम सापडला. त्याची बायको शालूबाई दारात पाचट झाडत होती. जोतीरामने पोतं अंथरलं, पाणी दिलं. एवढ्या लांब आपल्यासाठी कुणी आलं, याचंच त्याला नवल वाटत होतं.

आकारामने कागद वाचला. तळ्यात विष नव्हतं, रोग होता, इथपर्यंत आवाज नीट चालला. पुढची ओळ गाळावी असं त्याच्या मनात आलं. पण हा कागद उद्या दुसरं कुणी वाचून दाखवणारच होतं.

"'पहिल्या वेळी आणलेले मासे शिळे असल्याने...'"

"शिळं?" जोतीराम म्हणाला. "दादा, तुमच्या म्होरं घागरीत फिरत हुत्या की."

"होय. जित्या होत्या." आकारामने कागद मांडीवर ठेवला. "दिव्याची वात मी वर ठेवली आणि कुस्त्या बघायला गेलो. सगळं करपलं. खोटं मी लिहिलं. शिळे म्हणून मीच सांगितलं."

झाडणं थांबलं होतं. जोतीराम बराच वेळ हाताच्या चिरांत अडकलेलं कुसळ काढत बसला.

"गावानं काढलं त्याचं एक ऱ्हाऊ द्या," तो शेवटी म्हणाला. "पर हितं आल्यावर ही मला म्हनली, आता कोन न्हाई ऐकाया, खरं सांगा, घातलं का वो इख? मी काय सांगितलं तरी तिला पटंना. सरकारी कागद खोटा कसा आसंल, म्हनायची."

आकारामने पिशवीतून टाक आणि दौत काढली, 'शिळे' असलेली ओळ डॉक्टरांच्या सहीच्या वर आडवी खोडली आणि बाजूला लिहिलं, 'मासे जिवंत होते. परीक्षा माझ्या हातून बिघडली.' खाली स्वतःचं नाव घातलं. मामलेदारांकडच्या प्रतीवरही हेच लिहावं लागणार होतं. सोमवारी डॉक्टर काय करतील ते त्याला ठाऊक होतं.

"आता काय लिवलं?" शालूबाईने विचारलं.

त्याने वाचून दाखवलं.

"आनि एकदा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. नवऱ्याकडे तिने बघितलं नाही. त्याच्या पायांशी येऊन ती खाली बसली आणि तिथलं पाचट एकेक काडी करून वेचू लागली.