भिंगरीची पापणी

"बुवा, पाया पडून झालं असंन तं घाला आता प्लग!" निवृत्ती सुतार ओरडला आणि शाळेच्या कामावरची सगळी माणसं हसली.

कडूबा खरोखरच गुडघे टेकून बसला होता. समोर फळीवर हातात धरून चालवायची विजेची गोल करवत होती. त्रेसष्ट साली पोळ्याच्या सुमारास ती वडनेर भोलजीत आली, तेव्हा गावात वीज येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. लोकांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं. मुकादम भगवंतराव म्हणाला, "ज्याची दाही बोटं शाबूत, त्याच्याच हाती देतो." मोजदाद झाली. कुणाचं पेर गेलेलं, कुणाचं नख. निवृत्तीची तर साडेनऊच भरली. अठ्ठावन्न वर्षांच्या कडूबाची मात्र दहाच्या दहा. त्याच बोटांनी तो दर गुरुवारी भजनात पखवाज वाजवी, आणि त्यांचा त्याला भारी तोरा होता. का नसावा?

भिंगरीच्या पात्याला खालून एक झाकण होतं. पातं लाकडात शिरलं की ते मागे सरे, बाहेर आलं की खट्कन मिटे. कडूबा त्याला पापणी म्हणे. रोज सकाळी उपरणं खुंटीला टांगून, धोतराचा सोगा घट्ट खोचून, प्लग बाहेर असतानाच तो पापणी मागे ओढी आणि सोडी. खट् ऐकल्याशिवाय काम नाही. निवृत्तीच्या भाषेत हेच पाया पडणं.

दसऱ्यानंतर कामाचा तो पहिला दिवस. स्लॅबच्या फळ्या आजच कापून व्हायच्या होत्या. कडूबाने सवयीने हात घातला, तर पापणी मागेच अडकलेली. खट् झालंच नाही.

"काऊन थांबले बुवा?" भगवंतराव वरून खेकसला. "पातं तं धड आहे ना? झाकनानं का लाकूड कापते?"

"झाकनानं लाकूड नाई कापत, पन बोट वाचते. थांबा जरा."

त्याने भिंगरी उलटी केली. पापणीपासून मुठीपर्यंत पूजेचा लाल-पिवळा नाडा, तीन पक्के वेढे आणि वर गाठ.

हे काम पुष्पाबाईचं, त्याच्या बायकोचं. मशीन नको म्हणून तिने महिनाभर तोंड फुगवलं होतं. पण खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायला आली, तेव्हा तिने वाकस-रंध्याबरोबर भिंगरीलाही हळदकुंकू लावलं, आणि नव्या सुनेचं तोंड दिसावं म्हणून पदर सारावा तशी पापणी सारून नाडा बांधला. कडूबा कौतुकाने पाहत बसला होता. आज तसाच प्लग घातला असता, तर कापून झाल्यावर उघडं पातं त्याच्या मांडीशी फिरत राहिलं असतं.

तेवढ्यात पुष्पाबाई भाकरी घेऊन आली. नाडा पाहून तिचा हात तोंडावर गेला.

"अवो, म्याच बांदला! तुमचे बोटं राहो म्हनून बांदला." तिचे डोळे भरून आले.

"रडतं काऊन? मी बी तं पाहूनच राह्यलो व्हतो. माह्यी अक्कल कुठं व्हती?"

"मंग आता हाताले बांदू?"

"हाताचा धागा पातं ओढून घेते." कडूबाने विचार केला आणि प्लग तिच्यापुढे धरला. "इथं बांद, वायरीले. पात्याले हात लावाच्या आंदी मले हे काढा लागते. पयले तुह्यी गाठ, मंग पातं."

पुष्पाबाईने पापणीचा नाडा सोडला आणि प्लगजवळ वायरीला तीन वेढे घातले. कडूबाने पापणी ओढून सोडली. खट्! त्या एवढ्याशा आवाजाने त्याला हसूच फुटलं. मग प्लग घालून, पात्याच्या रेषेतून बाजूला उभं राहून त्याने फळ्या कापायला घेतल्या. पिवळा भुसा सगळ्यांच्या अंगावर उडाला. जेवणाच्या सुट्टीत निवृत्ती डोकं खाजवत जवळ आला.

"बुवा, एक डाव मलेबी पाया पडू द्या न."

"पयले प्लग काढ बे!"

त्याने काढला, गुडघे टेकले आणि आपल्या साडेनऊ बोटांनी पापणी ओढली. खट् झालं तसा तो पोरासारखा खिदळला.

योगायोगाने त्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी मारुतीच्या पारावर कडूबाने पखवाज असा वाजवला की टाळकरी मागे पडले. बायकांत बसलेल्या पुष्पाबाईचे ओठ हलताना त्याला दिसले. पण ते अभंगाबरोबर हलत नव्हते. ती त्याच्या हातांकडे पाहून मोजत होती. दहा भरले तशी ती हसली आणि पुन्हा एकपासून मोजू लागली.