जीपमधली दुसरी जागा

सासूबाई दुकानात आल्या तेव्हा तो एका जुन्या सोफ्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तुटलेली स्प्रिंग शोधत होता.

"जावईबापू, आफ्रिकेची ती दुसरी जागा कुणाला देऊन तर नाही ना बसलात?"

"कुणाला देणार?"

"मग मी येते."

त्याने हात बाहेर काढला, पँटला पुसला आणि पुन्हा आत घातला.

दुसरी जागा त्याच्या बायकोची होती. हिवाळ्यात ती गेली. तो तिला मुकादम म्हणायचा, अगदी तोंडावर, आणि तिलाही ते आवडायचं. सफारीचा सगळा बेत मुकादमाचा. दुकानाच्या भिंतीवर तिने नकाशा लावला होता, त्यावर सोफ्याला मारतात ते बारीक खिळे ठोकले होते आणि खिळ्याखिळ्यातून लाल दोरा नेला होता. आधी अंबोसेली, हत्तींसाठी. मग मासाई मारा, वाइल्डबीस्ट हरणांचे कळप मगरींच्या नदीत उड्या टाकतात ते बघायला. तिथून सीमा ओलांडून दिवसभर धक्के खात सेरेंगेटी आणि शेवटी न्गोरोंगोरोचं ते भलंमोठं विवर. रोज पहाटे उठायचं, अंधारात जीपमध्ये बसायचं. ती बोलत असायची तेव्हा त्याच्या ओठांत खिळे धरलेले असायचे, त्यामुळे तो नुसती मान डोलवायचा. त्यातच सगळं ठरलं.

ती गेल्यावर प्रवास कंपनीतल्या बाईने जरा चाचरतच विचारलं होतं, रद्द करायचं का? तो म्हणाला, नाही. एकटा जाईन, पण बेत तिचाच. दोरा तसूभरही हलवायचा नाही.

आणि आता या सासूबाई. सत्तरी कधीच ओलांडलेली, कंबरेला पट्टा. दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. लेकीच्या मागे दोघांचं बोलणं गळका नळ, गुडघा आणि ढगाळ हवा यांच्या पलीकडे गेलं नव्हतं. तिचा विषय निघेलसं वाटलं की तो दुकानात काहीतरी विसरून आलेला असायचा.

"लस घ्यावी लागते," तो सोफ्यात तोंड घालून म्हणाला.

"डॉक्टरांना विचारून आले. या वयात जपून द्यावी लागते म्हणाले. तपासून सांगणार आहेत."

"गडद निळं घालून चालत नाही. तिथल्या माशा त्याच रंगावर बसतात आणि कडकडून चावतात."

सासूबाईंनी आपल्या गडद निळ्या स्वेटरकडे पाहिलं. "बदलेन."

"बॅग मऊ लागते. तिथली विमानं छोटी असतात, कडक बॅग घेत नाहीत."

"मग तुम्ही कशाला आहात? शिवा."

"आणि कंबर?"

"कंबर माझी आहे. तिला काय सांगायचं ते मी बघते."

मग त्याला एक युक्ती सुचली. "असं करू, आई. खाणीच्या रस्त्याने माझ्या गाडीतून एक फेरी मारू. तिथले रस्ते तसेच आहेत. झेपलं तर बघू."

नाही झेपलं तर सुंठीवाचून खोकला जाईल, हे तो मनात म्हणाला. त्याला म्हातारीचा राग नव्हता. पण ती बरोबर आली तर बेत हलला असता आणि त्याच्याकडे तेवढंच तर उरलं होतं.

दुपारी त्या काळा चष्मा लावून हजर झाल्या. सोफे पोचवायच्या त्याच्या टेम्पोत पुढे बसल्या. त्याने जाड उशी पुढे केली.

"जीपमध्ये असेल का उशी?"

"नसेल."

"मग ठेवा तिकडे."

डांबर संपलं आणि गाडी नाचायला लागली. खडीच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केली होती.

"तो बघा सिंह," सासूबाई म्हणाल्या. ढिगाऱ्याच्या सावलीत एक कुत्रा झोपला होता. "अगदी कुटुंबवत्सल दिसतोय. आणि डावीकडे गेंडा, हलू नका!" डावीकडे रोडरोलर उभा होता.

तो हसला. हसायचं नाही असं ठरवून आला होता तरी हसला, कारण हे शंभर टक्के मुकादमाचं बोलणं होतं. कुठून आलं होतं ते त्याला आज कळलं.

पुढे मात्र आवाज बंद झाला. त्याने वळून पाहिलं. त्यांनी दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि चेहरा पांढरा पडला होता.

"थांबू?"

"छे, मजा येतेय."

"आई."

"चालवा हो तुम्ही!"

त्याने कडेला घेऊन गाडी बंद केली. दार उघडून त्यांना हात दिला, पण त्यांना पाय खाली टाकता येईना. त्या तशाच अर्धवट वळून बसून राहिल्या.

"कशाला हा हट्ट?" तो म्हणाला, आणि आवाज नको तेवढा चढला. "तुम्हाला घरात मांजर चालत नाही. हत्ती बघून काय करणार आहात?"

"हत्ती खड्ड्यात गेले." त्यांनी चष्मा काढला. "तिथे आठवडाभर तुम्ही जीपमधून उठून कुठे जाणार आहात? सिंहांत? मला माझ्या लेकीबद्दल बोलायचंय. इथे मी बोलायला लागले की शेजारीण म्हणते, चहा टाकते. भाऊ म्हणतो, देवाची मर्जी. आणि तुम्हाला दुकान आठवतं. ती कशी होती हे माहीत असलेलं दुसरं माणूस मला कुठून मिळणार?"

खाणीकडून एक ट्रक धूळ उडवत आला आणि गेला. तो चाकापाशी उभा राहिला. पायाने एक दगड इकडचा तिकडे केला.

"रोज पहाटे उठणार होती म्हणे," शेवटी तो म्हणाला.

"कोण? ढमी?" सासूबाई लेकीला याच नावाने हाक मारायच्या. "शाळेच्या दिवसांत मी अंगावर पाणी ओतलं की मग एक डोळा उघडायचा!"

"आमच्याकडे गजर माझ्या उशाशी असायचा. वाजला की ती मला लाथ मारायची. उठून बंद मी करायचा, आणि ती दिवसभर सगळ्यांना सांगत फिरायची, आमच्याकडे पहाटे उठायची शिस्त आहे."

"आणि ती तुम्हाला तीन देश पहाटे फिरवणार होती!"

"दोन."

"तुम्हीही शेंदाड शिपाईच. मान डोलवलीत ना?"

"तोंडात खिळे होते."

त्या हसायला लागल्या. "नका हो हसवू, कंबर मोडली माझी," म्हणत हसता हसता रडल्या. त्याचंही तेच झालं. मग बराच वेळ ते तिथेच बोलत राहिले. ती चिडली की भांडी कशी आपटायची, इथपासून शेवटच्या आठवड्यापर्यंत. त्याने कधी न बोललेलं पुष्कळसं त्या उघड्या दारात बोलून झालं.

दुकानात परतल्यावर त्याने पक्कड घेतली आणि नकाशासमोर उभा राहिला.

"राहू द्या," मागून सासूबाई म्हणाल्या. "हौसेने लावलाय तिने. जा तुम्ही एकटेच. मी आपली आल्यावर फोटो बघेन."

त्याने न्गोरोंगोरोचा खिळा काढला. मग सेरेंगेटीचा. मासाई माराचा निघता निघेना. तिने तो भिंतीत पार आतपर्यंत ठोकला होता. त्याने पक्कड फिरवली आणि प्लास्टरच्या कपच्यांसकट ओढून काढला. दोरा सुटून लोंबकळला. भिंत जागच्या जागी होती, आणि सासूबाई मागे स्टुलावर कंबर धरून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघं प्रवास कंपनीत गेले.

"फक्त अंबोसेली?" तिथली बाई म्हणाली. "मॅडमनी किती खपून बसवलं होतं सगळं!"

"मॅडमनी कधी कुणाला निवांत बसू दिलं नाही," तो म्हणाला. "आम्हाला बसायचंय. जायला छोटं विमान, एकाच ठिकाणी मुक्काम, सकाळी उजाडल्यावर थोडी फेरी. आणि डॉक्टर नको म्हणाले तर इथेच कुठेतरी जंगल असलेल्या जागी जाऊ. पण दोघं."

बाईने टाइप केलं. "बरं, तुम्हाला विशेष काय बघायचंय? म्हणजे गाइडला कळवते."

हे त्याला या सगळ्यात कुणी विचारलंच नव्हतं.

"जिराफ," तो म्हणाला. "पाणी पिताना. एवढ्या उंच पायांवरून तो खाली पोचतो कसा, ते मला बघायचंय."

"एवढ्यासाठी एवढ्या लांब?" सासूबाई म्हणाल्या. "ढमी म्हणाली असती, मला विचार, मी सांगते."

"आणि चुकीचं सांगितलं असतं."

"चुकीचं. पण काय ठासून!"

"टेबलावर बोट आपटून."

"ते माझ्या सासूचं. तिने उचललं. तुम्हाला सांगते, एकदा काय झालं..."

बाई बोटं कळांवर ठेवून थांबली होती. तिने एकदा घड्याळाकडे पाहिलं, मग उठून त्या दोघांसाठी पाणी आणायला गेली.