मागच्या भिंतीवरची राखण

मुलुंड कॉलनीच्या टोकाला चाळ संपते आणि एक भिंत लागते. भिंतीपलीकडे नॅशनल पार्कचं जंगल. त्या आठवड्यात भिंतीजवळची दोन कुत्री नाहीशी झाली आणि उरलेली अंधार पडला की भुंकेनाशी झाली. कुत्री भुंकली की झोपमोड होते म्हणून लोक शिव्या देतात. ती गप्प झाली तेव्हा सगळे लवकर दारं लावून घेऊ लागले.

रविवारी वनखात्याबरोबर काम करणारी श्वेता चाळीत आली. तिथेच राहणाऱ्या देवेशने तिला नीट बसूही दिलं नाही.

"पिंजरा लावा ना मॅडम. विषय खल्लास."

"लावला, हा बिबट्या नेला. मग त्याची जागा रिकामी होईल," श्वेता म्हणाली. "ती रिकामी राहत नाही, दुसरा येतो. ह्याला तुमच्या वाटा, तुमच्या वेळा ठाऊक आहेत. तो तुम्हाला टाळतो. नव्याला काहीच ठाऊक नसतं."

"म्हणजे आम्ही त्याच्याशी ओळख वाढवायची?"

लोक हसले. श्वेताही हसली. "त्याला बोलवू नका, एवढंच. जंगलात हरणं आहेत, डुकरं आहेत. पण तुम्ही भिंतीपाशी मासळीची आतडी टाकता, कोंबडीची पिसं टाकता. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. कुत्रं पकडायला सोपं."

मग तिने मुलांना पुढे घेतलं. बिबट्या दिसला तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, वाकायचं नाही. बसायचं तर मुळीच नाही, कारण बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. हात वर करून मोठं व्हायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. दहा वर्षांच्या समीक्षाने दप्तर डोक्यावर धरून दाखवलं.

तिचे आजोबा, बळवंत परब, उंबऱ्यावर बसून ऐकत होते. ते हसले नाहीत. राखण द्यायचा दिवस जवळ आला होता.

कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो, अशी त्यांच्या गावची समजूत. भात कापून झालं की वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा. तो जागा राखतो, पोराबाळांना राखतो. बळवंत गिरणीत लागले, पुढे गिरणी बंद पडली, ते मुलुंडला आले. शेत राहिलं नाही, पण राखण चुकली नाही. दरवर्षी संध्याकाळी ते भिंतीपाशी केळीच्या पानावर भात आणि कोंबडा ठेवत. एकदाच चुकली होती. त्या वर्षी त्यांच्या मुलाला, समीक्षाच्या बापाला, त्याच भिंतीजवळ साप चावला. तो वाचला, पण ते दिवस बळवंत विसरले नव्हते.

"ह्या वर्षी घरातच ठेवा पान," सरूबाई नवऱ्याला म्हणाल्या. "ती पोरगी काय सांगून गेली, ऐकलंत ना?"

"राखणदार काय घरात ऱ्हवता? तो शिमेर असता, हद्दीर. ता पोर शिकलेला आसा, पण माझ्या नातीक काय झाला तर ता येतला काय?"

तीच भीती सरूबाईंनाही होती.

ठरल्या दिवशी, उजेड मावळत असताना, बळवंत पान घेऊन मागे गेले. समीक्षा क्लासला होती आणि ती पुढच्या रस्त्याने येणार होती. त्यांनी पान मांडलं, उदबत्ती लावली आणि उकिडवे बसून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा राखणदारा, माझ्या नातीक सांभाळ. तिच्या वाटेत काय इडापिडा आसात ती..."

वासाने आलेली तीन-चार कुत्री मागे घोटाळत होती. ती एकदम पळाली. एकही भुंकलं नाही.

बळवंतांनी मान वर केली. भिंतीवर बिबट्या बसला होता. त्याची शेपटी खाली लोंबत होती आणि तिचं टोक तेवढं हलत होतं. तो पानाकडे बघत नव्हता. तो बळवंतांकडे बघत होता.

"आजोबा."

समीक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. पुढचा रस्ता खणून ठेवलेला म्हणून ती मागून आली होती. "आजोबा, उभे राहा." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बसू नका. उभे राहा ना."

बिबट्याने पुढचे दोन पाय भिंतीवर जवळ घेतले. समीक्षाने दप्तर डोक्यावर धरलं. ती पळाली नाही. तिला तिथे बघून म्हातारा जमिनीवर हात टेकून उठला, धडपडला, पुन्हा उठला, आणि त्याने दोन्ही हात वर केले.

"मागे सरक बाय. माझ्याकडे बघू नको, त्याच्याकडे बघ."

दोघं मागे सरकली. बिबट्या आवाज न करता आत उतरला, त्याने पान हुंगलं, कोंबडा तोंडात धरला आणि एका उडीत भिंतीपार गेला.

समीक्षा रडायला लागली तोवर बिबट्याची उडी बघितलेला देवेश काठी घेऊन धावत आला, मागून सरूबाई आणि आणखी लोक. त्याने विस्कटलेलं पान बघितलं.

"काका, राखण उचलली त्याने? स्वतः येऊन?" त्याचा आवाज खाली आला. "म्हणजे तोच होता. पावला तुम्हाला. उद्या आम्हीपण ठेवतो."

दोन बायकांनी भिंतीकडे बघून हात जोडले.

बळवंतांनाही क्षणभर तसंच वाटलं होतं. तसं मानलं असतं तर छातीतली धडधड थांबली असती. पण समीक्षाची मूठ त्यांच्या सदऱ्यात अडकली होती. उद्या इथे दहा पानं असतील, परवा वीस. तो रोज येईल, आणि पोरं ह्याच गल्लीतून जातील.

"नाय," ते म्हणाले. "राखणदार नाय तो. भुकेलो वाघ. मी बोलावलंय म्हणान इलो. कोणी काय ठेवूचा नाय हंय."

"असं बोलू नये, काका," एक बाई कुजबुजली.

बळवंतांनी सरूबाईंना घरून बॅटरी, पिशवी आणि फावडं आणायला सांगितलं. वाढलेलं पान उचलायचं नसतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. ते वाकले नाहीत. देवेशला काठी आपटत राहायला सांगून त्यांनी फावड्याने पान, भात, नारळाची भकलं पिशवीत ओढली आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

"आता काय होईल?" सरूबाईंनी हळूच विचारलं.

"माका काय म्हायत," बळवंत म्हणाले, आणि समीक्षाला पाठीशी घेऊन, भिंतीकडे तोंड ठेवून, उलटे चालत घराकडे निघाले.