डिकी बंद केल्यावर

रविवारी सकाळी दिंडोरी नाक्याच्या सिग्नलला मी ब्रेक मारला आणि मागून एक रिक्षा इतक्या जवळ येऊन थांबली, की आरशात मला ड्रायव्हरच्या शर्टाची बटणं मोजता आली. तो रिक्षा शेजारी घेऊन म्हणाला, "ओ ताई, तुमचे मागचे ब्रेकलाइट लागत नाहीत. तुम्ही थांबणार हे आम्हाला काय स्वप्नात दिसणार का?"

मागच्या सीटवर मैना होती. तीन वर्षांची, पट्ट्यात बांधलेली, तोंडात बिस्कीट. माझी मुलगी आणि ती रिक्षा यांच्या मध्ये फक्त एक डिकी. पुढचा सगळा रस्ता मी चारही इंडिकेटर लावून, वीसच्या स्पीडने घरी आले. सायकलवाल्यांनीसुद्धा वळून बघितलं.

सोमवारी मी दिंडोरीच्या एका द्राक्ष तपासणी लॅबमध्ये रुजू होणार होते, तब्बल चार वर्षांनी. पाळणाघर तिथल्याच आवारात, म्हणजे मैनाला घेऊन रोज मीच गाडी चालवायची. आजची चक्कर ही त्याची रंगीत तालीम होती.

मी विश्वेशला फोन लावला. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ड्युटीवर होता.

"हे बघ, टेन्शन घेऊ नकोस," तो म्हणाला. "बाबांच्या ओळखीचा धनराज आहे ना, तो उद्या सोडेल तुम्हाला."

"पहिल्या दिवशी ड्रायव्हर आला की तो रिटायर होईपर्यंत येतो. तू अख्ख्या शहराला वीज देतोस, बायकोचे तीन दिवे लावून दे."

"ते माझ्या डिपार्टमेंटला येत नाही. पाचपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर धनराज."

फोन ठेवला आणि खाली पार्किंगमध्ये गेले. मैनाला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसवलं, हातात मखाण्यांची वाटी दिली आणि बजावलं, "वाटी संपेपर्यंत उठायचं नाही." गाडीच्या मागे कुणी उभं राहायला हवं होतं, पण मैनाला तिथे उभं करणं शक्यच नव्हतं. मग कपडे वाळत घालायची काठी आणली, एक टोक ब्रेकवर, दुसरं सीटला टेकवलं, आणि मागे जाऊन बघितलं. डावा बंद, उजवा बंद, काचेवरचा मधलाही बंद.

तीन दिवे एकाच दिवशी जात नाहीत. घरात एकदम अंधार झाला तर आपण बल्ब बदलत बसत नाही, आधी फ्यूज बघतो. तरी खात्री करायची म्हणून डिकी उघडून आतून बल्ब काढून पाहिले. दोन्हींच्या तारा शाबूत. मग स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. आत कुठला फ्यूज कशाचा, याचं चित्र होतं. ब्रेकवाला वितळलेला. झाकणातच एक जादा होता, तो बसवला.

तिन्ही दिवे लख्ख!

"मैना, आई कोण आहे?"

"आई आई आहे," मैना म्हणाली.

मी ऐटीत डिकी आपटली. आणि दिवे गेले.

आता मात्र कादरभाईंना बोलवावं लागलं. दोन गल्ल्या सोडून त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. रविवारी दुपारी बंद असतं, तरी स्कूटरवर पिशवी अडकवून आले.

"साहेब पावर हाउसमध्ये ना?" त्यांनी काठीकडे बघत विचारलं.

"त्यांच्या डिपार्टमेंटला येत नाही."

"मोठ्या लोकांचं असंच असतं. बरं, काय केलं तेव्हा गेले?"

"डिकी बंद केली तेव्हा. उघडी होती तोवर चालू होते."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "ताई, तीस वर्षांत असं सांगणारं गिऱ्हाईक चार-पाचच भेटलं. बाकी सगळे म्हणतात, आपोआप झालं."

त्यांनी डिकी उघडली आणि वरच्या बिजागरीपाशी गेले. तिथून एक रबरी नळी डिकीच्या दारात जाते, तिच्यातून मधल्या दिव्याच्या वायरी. नळीत बोट घालून त्यांनी एक बारीक लोखंडी तार ओढून काढली, वीतभर, एका टोकाला वाळलेलं केशरी काहीतरी.

झेंडू.

मनातल्या मनात मी सकाळपासून विश्वेशवर खटला चालवत होते, की यानेच डिकीत द्राक्षांचे क्रेट कोंबून काहीतरी तोडलं असणार. पण दसऱ्याला गाडीच्या पूजेचा हार मीच ओवला होता. दोरा तुटतो, हार रस्त्यात पडतो, मागचा दुचाकीवाला घसरतो, म्हणून बांधकामाच्या तारेत! तो बिजागरीला आवळून बांधलाही मीच. हार काढताना तुकडा आत राहिला आणि डिकीच्या उघडझापीत वायरीला घासत बसला.

"कादरभाई," मी म्हटलं, "दसरा होऊन महिना झाला. महिनाभर मी मुलीला मागे बसवून अशीच फिरतेय?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वायर माझ्यासमोर धरली. सालपट निघालेल्या जागी तांबं लालसर चमकत होतं. डिकी बंद झाली की तार तिथेच टेकत होती आणि फ्यूज उडत होता.

"हे बघा. महिन्याचं असतं तर काळं पडलं असतं. हे काल-परवाचं आहे. आणि कळलं कधी?"

"आज."

"मग? बाकी हिशेब सोडा."

त्यांनी वायरीचा तुकडा बदलला, जोड झाकला, नवा फ्यूज घातला. मी डिकी वीस वेळा उघडली आणि आपटली. दिवे गेले नाहीत. कादरभाई म्हणाले, आता डिकी तुटेल.

साडेचारला विश्वेशचा फोन. "धनराजला सातची वेळ देऊ ना?"

"नको. आणि ऐक, तार माझीच होती." सगळं सांगितलं. तो इतका हसला, की मागे कुणीतरी त्याला काय झालं म्हणून विचारलं.

सोमवारी दिंडोरी रोडवर एका वळणाआधी मी ब्रेक दाबला, नेहमीसारखा बराच आधी, बराच हळू. मागे द्राक्षाचे रिकामे क्रेट भरलेला ट्रॅक्टर होता. तो चांगला दोन गाड्यांचं अंतर ठेवून थांबला आणि वैतागून हॉर्नवर हॉर्न वाजवायला लागला.

"आई, तो काका का ओरडतोय?"

"त्याला आपण दिसतोय म्हणून," मी म्हटलं, आणि सावकाश गिअर टाकला.