पारूबाईच्या अंगठ्यातलं जाळं

मित्रांनो, मी एक म्हातारी पांढरी पेशी आहे. हाडातून रक्तात उतरून मला एक दिवस झाला. हसू नका, आमच्यात एवढं आयुष्य म्हणजे पुष्कळ झालं.

माझा जन्म चौक गावाजवळच्या पारूबाईच्या कमरेच्या हाडातला. भात कापताना तिच्या पायाच्या अंगठ्याला विळा लागला. नात दीक्षा म्हणाली, "आजी, साबनानं धू आन् दवाखान्यात चल." पण पारूबाईने दातांना लावायची मिश्री चिमूटभर जखमेत दाबली आणि वर फडकं बांधलं. "एवढ्याशाला काय व्हतंय गं? कापनी पडून हाय." झालं! फडक्याखाली जंतूंचं चांगलंच फावलं.

चौथ्या दिवशी जखमेत उतरायची माझी पाळी आली. गेल्या गेल्या मी जंतू गिळायला लागले, पण ते मेले संपतच नव्हते. तेव्हा आम्ही शेवटचा उपाय केला. स्वतःच्या पोटातला डीएनएचा धागा बाहेर ओढला आणि त्याचं जाळं करून फेकलं. जंतू त्यात अडकले. मला वाटलं, वाचली आमची पारूबाई.

कसलं काय! जंतूंनी आपल्या अंगातून एक रस सोडला. शाळेत तुम्ही त्याला विकर म्हणता. त्याने जाळ्याचे बारीक तुकडे केले. वर दुसऱ्या विकराने त्याच तुकड्यांचं विष केलं. आमच्या मदतीला आलेल्या थोरल्या पेशी त्या विषाने पटापट मेल्या. माझ्याच धाग्याने माझीच माणसं मारली! हा राग मी कुणावर काढू?

पाचव्या दिवशी अंगठा काळा पडला, तेव्हा दीक्षाने आजीला रिक्षात घालून शिळफाट्याच्या दवाखान्यात नेलं. फडकं सुटलं तशी पारूबाईने नाकाला पदर लावला. "शी! केवढी घान गं ही!"

ती घाण म्हणजे पू, आणि पू म्हणजे आमची मढी.

डॉक्टर म्हणाले, "आजी, पाय वाचवायचा तर अंगठा काढावा लागेल."

"आन् मग चिखलात उबी कशी रावू?" पारूबाई म्हणाली.

मित्रांनो, जखम झाली की साबणपाण्याने धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आमच्या एकट्यांच्या जिवावर राहू नका.

मला कापसाने टिपून दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलंय. अंगठाही इथेच येईल. त्याच्यासाठी पारूबाई रडेल. मीही तिचीच होते.